टेंभुर्णीच्या पुढचा रस्ता

नाताळच्या सुट्टीत चार-पाच दिवस गाडी काढून कोकणच्या किनाऱ्यानं जायचं आम्ही ठरवलंय. अंबाजोगाईच्या माणसाला समुद्र लांबच. आमच्याकडे पाणी म्हणजे मांजरा धरणात किती साठा उरला याची पेपरातली बातमी. 2016 च्या उन्हाळ्यात हे धरण आटलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस इकडे कोणी विसरलेलं नाही. तेव्हा नजर पोचणार नाही इतकं पाणी एकदा डोळे भरून बघावं, अशी ओढ वाटणं यात मला काही गैर दिसत नाही. गैर दिसलं ते दुसरंच. प्रवास आखायला वही घेऊन बसलो, आणि त्या वहीत मला मीच दिसत गेलो. जसा दिसलो तसा मला आवडलो नाही.

मार्ग मात्र खरंच सुंदर आहे. कळंब, येरमाळा, बार्शी, टेंभुर्णी करत पुणं गाठायचं, ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. पुढं हरिहरेश्वर. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवायची आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं, की रत्नागिरी जिल्हा लागला. मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळला पुन्हा बोट, पलीकडे धोपावे. गुहागर, हेदवी करून तवसाळला तिसरी बोट, पलीकडे जयगड. मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी. परतताना आंबा घाट चढायचा आणि कोल्हापूर, पंढरपूरवरून घरी. रेवसपासून रेड्डीपर्यंत सलग सागरी रस्ता व्हावा हे स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातलं. ते मुख्यमंत्री झाले 1980 मध्ये. खाड्यांवरच्या पुलांची कामं आता हाती घेतलीत, पण या मार्गावरच्या मोठ्या खाड्या मला बोटीनंच ओलांडायच्या आहेत. या रस्त्याचं निम्मं सुख त्यातच असणार, असं मला मनापासून वाटत होतं. इंजिन बंद करायचं, गाडीतून उतरून कठड्याला टेकायचं, अंगावर खारा वारा घ्यायचा आणि काहीही करायचं नाही.

आणि वहीत फेरीबोटीच्या पुढं मी काय लिहिलं होतं? ‘25 मिनिटं.’ रांग लागली तर? सुट्टीच्या दिवसांत लागणारच. एक बोट चुकली तर? त्याची सोय वहीत नव्हती. काहीही न करण्याच्या सुखाची मी वेळ ठरवून ठेवली होती, आणि ती वेळ टळली असती तर जेटीवर उभं राहून माझी चिडचिड झाली असती, हे मला आत्ताच ठाऊक आहे.

त्या पानावर चार रकाने होते. ठिकाण, पोचायची वेळ, निघायची वेळ, आणि काय बघायचं. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव. दापोलीजवळच्या मुरूडला महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून थोडा वेळ. वेळासच्या पुढं मात्र लिहिलं होतं, ‘काही नाही, थांबू नये.’ का? तर कासवांची पिल्लं समुद्रात सोडण्याचा हंगाम फेब्रुवारीनंतरचा. आम्ही डिसेंबरात तिथून जाणार, म्हणजे बघायला काही नाही. नाना फडणवीसांचं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये इथं समुद्री कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं आणि गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. हे सगळं मी कधीपासून वाचत आलोय, वर्गात मुलांना सांगतही आलोय. तरी माझ्या हातून ‘काही नाही’ लिहिलं गेलं. जिथं दाखवण्याजोगा फोटो निघत नाही ते ठिकाणच नाही, असा माझा हिशेब होता का?

होता. आणि त्यामागं आणखी एक क्षुद्र गोष्ट होती. गेल्या हिवाळ्यात आमचे एक सहकारी दापोली-हर्णै करून आले. पुढं कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये तोच विषय होता. मी ऐकत होतो, हसत होतो, आणि मनात ठरवत होतो की आपण जाऊ तेव्हा श्रीवर्धन ते रत्नागिरी सलग जाऊ. म्हणजे समुद्र बघायच्या आधीच तो कोणाहून जास्त बघायचा हे ठरलं होतं. बायको एकदा म्हणाली, “अहो, एकाच गावात दोन रात्री राहू या ना. सकाळी उठून नुसतं समुद्रावर बसू.” मी म्हणालो, “एवढं डिझेल जाळून नुसतं बसायचं?” ती पुढं काही बोलली नाही. तिनं समुद्र पाहिलाय तो लग्नाआधी, मुंबईत, एकदाच. प्रवास दोघांचा आणि आखणी माझी एकट्याची, हे तिच्या गप्प बसण्यातून मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

गावं अशी रकान्यांत बसवल्याचं मला जास्त वाईट वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. आमची योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. चित्पावनांच्या अनेक घरांतून लग्न झालं, मुंज झाली की माणसं अंबाजोगाईला येतात. एवढा घाट चढून, एवढा माळ तुडवून येतात. ओटी भरतात, अभिषेक करतात, आणि दुपारच्या आत गाडीत बसून निघूनही जातात. मुकुंदराजांची समाधी गावापासून थोड्याच अंतरावर आहे. मराठीतल्या आद्य ग्रंथांत ज्याची गणना होते तो ‘विवेकसिंधु’ त्यांचा. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी याच गावात आहे. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं आणि देवी इथंच राहिली, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हत्तीखान्यातले दगडी हत्ती दाखवून ती सांगतात. हे ऐकायला थांबणारे फार थोडे. या गोष्टीचा मी आयुष्यभर राग धरलाय. देवी तुमची, आणि जिथं ती राहते ते गाव? त्याच्याकडे तुम्ही बघणारच नाही का? कोणी “बीड जिल्हा म्हणजे दुष्काळी ना?” असं विचारलं की मला आतून लागायचं. एका शब्दात आमचा सगळा मुलूख मिटवून टाकला असं वाटायचं.

मग मी काय करत होतो? ‘श्रीवर्धन: नारळी-पोफळीच्या बागा, समुद्र’ असं लिहून मीही एक अख्खं गाव मिटवूनच टाकलं होतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या पट्ट्यात घरांवरचे पत्रे उडाले, आणि वाड्यांमधल्या पोफळी ओळीच्या ओळीनं झोपल्या. पोफळ लावल्यावर सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे वादळानंतर ज्यांनी पुन्हा लागवड केली, त्यांच्या झाडांना आता कुठं फळ धरायला लागलं असेल. ज्या बागेसमोर उभा राहून मी फोटो काढणार, ती बाग कोणाची तरी पुन्हा उभी केलेली मिळकत आहे. ज्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या रत्नागिरीतल्या कित्येक वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. टँकरची वाट बघणं म्हणजे काय हे बीडच्या माणसाला सांगायला नको. आमचा मुलूख एका शब्दात संपवणाऱ्यांवर रागावणारा मी, त्यांचा मुलूख तीन शब्दांत संपवून बसलो होतो.

इथवर आलो तेव्हा वाटलं, चला, दिसलं ते दिसलं, वही नीट करू. दोन ठिकाणं कमी करू, एक मुक्काम वाढवू. पण खरी गोष्ट अजून पुढंच होती.

आमच्याकडे धुणं-भांडी करायला ज्या मावशी येतात, त्यांना सांगत होतो की आम्ही चार-पाच दिवस नाही, किल्ली ठेवा, तुळशीला तेवढं पाणी घाला. त्यांनी विचारलं, “कंच्या वाटंनं जायलाव सर?” म्हटलं, बार्शीवरून, टेंभुर्णीवरून. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “मंग आमचं पोरगं दिसंल की तुमाला! टेंभुर्णीच्या म्होरंच हाय टोळी, भीमेच्या काठाला.”

मुलगा आणि सून दिवाळी झाली तसे ऊसतोडीला गेलेत. दोन नातवंडं मावशींजवळ. “येवढी एक गोधडी देताव का त्याला? सून म्हनली फोनवर, कोपीत लई गारठा हाय.” कोपी म्हणजे फडाजवळची त्यांची झोपडी.

मी म्हणालो, “बघू मावशी. रस्त्यावरच असतील तर देऊ.”

तोंडावर हसू होतं, आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं. हायवे सोडून आत किती जावं लागेल? फड रोज बदलतो, आज इथं तर उद्या भलतीकडेच. फोन लागेल का? तास-दीड तास सहज जाईल. मग पुण्याला पोचेपर्यंत दुपार टळणार, ताम्हिणी अंधारात उतरावी लागणार, श्रीवर्धनचा सूर्यास्त हुकणार. एवढा हिशेब एका क्षणात झाला. तो करताना मला काही अवघड गेलं नाही, आणि हेच मला फार बोचतं.

संध्याकाळी वही उघडली. पहिल्याच दिवशी भिगवणपुढं लिहिलं होतं, ‘रोहित पक्षी, दोन तास.’ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात, ते बघायला माझ्याकडे दोन तास होते. त्याच भीमेच्या काठाला माझ्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाला गोधडी द्यायला तास निघत नव्हता. आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, माझ्याच अक्षरात होतं, ‘पहाटे 4 ला निघणे. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकायला नको.’

त्या ट्रॅक्टरवर कोण असतं? हे मला माहीत नाही असं मी म्हणू शकत नाही. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, एकही तालुका यातून सुटलेला नाही. दसरा-दिवाळी झाली की काही लाख माणसं या जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडी भरायची. एक दिवस अंग मोडून आलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापतात. रात्री दोनला गाडी आली तर दोनला उठून भरायची. माझ्या वर्गातला पट दिवाळीनंतर उतरतो तो याच माणसांच्या मुलांमुळे. मी दर वर्षी हजेरीपुस्तकात ते बघतो. मग रस्त्यावर तीच माणसं मला अडथळा म्हणून कशी दिसली? नावं माहीत असलेली माणसं ट्रॅक्टरवर बसली की नुसती वाहतूक कशी होतात?

याहून जुनी एक गोष्ट आहे, तीही सांगायला हवी. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, पोटदुखीवर एकदाचा इलाज व्हावा, म्हणून तिशीच्या आतबाहेरच्या बायकांनी ऑपरेशनं करून घेतली होती. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झाली, तेव्हा सुमारे 82 हजार बायकांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तेव्हा गावातल्या आमच्यासारख्या पगारदारांच्या बैठकीत काय चर्चा होती? “बीडची बदनामी चालवलीय.” मीही तेच म्हणालो होतो. पहिला राग मला आला तो बातमी लिहिणाऱ्यांचा. त्या बायकांसाठी जीव तुटायला हवा होता, तो तुटला नाही असं नाही, पण नंतर. आधी आपल्या जिल्ह्याचं नाव आठवलं. बाहेरच्यांनी आमचा मुलूख एका शब्दात मिटवला म्हणून दुखावणारा मी, त्या मुलखातल्या बायकांचं दुखणं नावाच्या अब्रूखाली झाकायला तयार होतो. इतकी वर्षं मी स्वतःला हे स्पष्ट विचारलं नव्हतं. एका गोधडीमुळे विचारावं लागलं.

मग करायचं काय? जायचंच नाही का? पहिल्या झटक्यात तसं वाटलंही. मग वाटलं, माझा समुद्र रद्द झाल्यानं कोणाची उचल फिटणार नाही. हे खरं आहे. पण ते मला सोयीचंही आहे, म्हणून त्यावर पटकन विश्वास ठेवायला मन धजत नाही. दुसरा विचार आला की फडातच जाऊ, कोपीत बसू, बायकोलाही दाखवू. आणि लगेच थबकलो. दाखवू म्हणजे काय? हर्णैचा लिलाव दाखवायचा, रोहित दाखवायचे, तशी माणसंही दाखवायची? सगळा दिवस कोयता चालवून वाकलेल्या बाईपुढं गाडीतून उतरून उभं राहायचं आणि तिनं चुलीवर चहा ठेवावा अशी वेळ तिच्यावर आणायची? तिथं माझं जाणं कोणासाठी असेल, त्यांच्यासाठी की माझ्या मनाच्या समाधानासाठी? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. गोधडी पोचवली म्हणून मी कोणी चांगला माणूस ठरणार नाही, एवढं मात्र कळतंय.

शेवटी मावशींकडून नंबर घेऊन मुलाला फोन केला. हे आधीच करता आलं असतं. तो म्हणाला, “सर, तुमी आत नका येऊ, रस्ता लई खराब हाय. हायवेलाच थांबा, म्या येतो.” म्हटलं, किती वाजता? तो जरा थांबला. “ते नाय सांगता यायचं सर. कारखान्यावर गाडी खाली व्हायला नंबर लागतो. कवा दोन तासांत होती, कवा रातभर तिथंच.” मग संकोचानं म्हणाला, “तुमाला लई थांबावं लागंल बगा.”

आपल्या थांबण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. माझ्या थांबण्याचं वाटत होतं.

त्या रात्री बायकोसमोर वही ठेवली आणि म्हटलं, तूच आख. तिनं आधी वेळांचे दोन्ही रकाने खोडले. गुहागरच्या पुढचं सगळं सोडलं, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, सगळंच. मला ते जड गेलं, स्टाफरूम आठवली, हे लपवत नाही. तिनं मुक्काम ठेवला केळशीला, दोन रात्री. वेळासला थांबायचं, गावात कोणाशी बोलता आलं तर बोलायचं, समुद्रावर नुसतं बसायचं. पहाटेचं निघणं रद्द. उजाडल्यावर निघायचं, टेंभुर्णीच्या पुढं हायवेला थांबायचं, तो येईल तेव्हा गोधडी आणि शेंगदाण्याची चटणी त्याच्या हातात द्यायची. त्या दिवशी श्रीवर्धन गाठलं नाही तर पुण्यात बहिणीकडे राहायचं. रोहित दिसले तर दिसले.

मी बदललो असं म्हणायची माझी तयारी नाही. जेटीवर रांगेत उभा राहीन तेव्हा घड्याळाकडे हात जाईलच. हायवेला तास उलटून गेला की मी अस्वस्थ होईन, बायकोच्या ते लक्षात येईल आणि ती काही बोलणार नाही. फरक पडलाच तर इतकाच की आपण कशाची घाई करतोय आणि कोणाला मागं टाकून करतोय, हे त्या वेळी मला दिसत असेल. दिसून उपयोग किती, ते जाऊन आल्याशिवाय सांगता येणार नाही.

एक विनंती मात्र आत्ताच करतो. कोकणात जा, देवदर्शनाला या, कुठंही जा. नोव्हेंबर ते मार्च बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर, पंढरपूर, सांगली, कोल्हापूर यांतल्या कुठल्याही रस्त्यावर रात्री असाल, तर पुढं काळोखात उसाची ट्रॉली असू शकते हे धरूनच चाला. पुष्कळ ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, लाल पट्टीही नसते, आणि भरलेल्या उसावर माणसं झोपलेली असतात. वेग कमी ठेवा, मागून हॉर्न वाजवू नका, आणि पुढचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत त्यांच्या मागं राहा.